गिअर खाली घेताना ॲक्सिलरेटरला टिचकी: गाडीचं भलं की नुसती हौस?

चौथागिअर (धागाकर्ता)

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस छळतोय.

गाडी मॅन्युअल, पेट्रोल, लहान हॅचबॅक. चालवायला लागून दीड वर्ष झालं. गिअर वर टाकताना काही अडत नाही. पण खाली येताना, त्यातही तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, क्लच सोडला की गाडी नाक खाली घालते आणि आत बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम होकारार्थी हलतात. बायको म्हणते, "गिअर बदलतोयस की आम्हाला जागं करतोयस?"

मग रेव्ह मॅचिंगबद्दल वाचलं आणि रिकाम्या रस्त्यावर सराव सुरू केला. क्लच दाबायचा, गिअर खाली घ्यायचा, क्लच दाबलेलाच असताना ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारायची, इंजिनाचे मिनिटाला फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा वर उडाला की क्लच सोडायचा. जमलं की गिअर बदलल्याचं कळतसुद्धा नाही. पाचातून तीनदा जमतं.

आता गंमत अशी की ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो, क्लच प्लेट दुप्पट टिकेल. दुसरा म्हणतो, उगाच रेस करून इंजिनाची वाट लावतोयस. तिसऱ्याचं म्हणणं, गिअर बॉक्स जपायचा असेल तर हे केलंच पाहिजे. तिघंही माझ्यापेक्षा जास्त गाडी चालवलेले. खरं काय?

स्लो_लेन

माझं मत सरळ आहे. थांबायचंय ना? ब्रेक दाबा. गिअर एकेक करून खाली आणत बसायची गरजच काय? ब्रेक पॅड चाक काढलं की हाताशी येतात, अर्ध्या तासाचं काम. क्लच प्लेट बदलायला अख्खा गिअर बॉक्स खाली उतरवावा लागतो. मग झिजवायचं काय, ते तुम्हीच ठरवा.

मी थांबताना आहे त्या गिअरमध्येच ब्रेक लावतो, इंजिन धडधडायच्या बेतात आलं की क्लच दाबतो आणि थेट पहिल्यात घेतो. टिचकी नाही की बिचकी नाही.

जुनाट

स्लो_लेन, सपाट रस्त्यावर थांबायचं असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. पण उतारावर हा हिशेब उलटा होतो. लांब उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी धरलीत तर पॅड तापतात, पकड ढिली पडते, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याला उकळी फुटून पेडल मऊ पडतं. तिथे खालचा गिअर लागतोच. तो उतार सुरू व्हायच्या आधी, वेग कमी असताना घ्यायचा असतो. मध्येच, गाडी सुटल्यावर, नव्हे.

आणि वळणावरून बाहेर पडताना, चढ लागला की, ओव्हरटेक करताना, गिअर खाली घ्यावाच लागतो. धागाकर्त्याचा प्रश्न त्या वेळचा आहे असं मी धरून चाललोय.

तेलकट_हात

तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. वेगवेगळ्या करू. क्लच प्लेट एक, गिअर बॉक्समधले सिंक्रो दुसरे, आणि टायर, माउंटिंग, ॲक्सल वगैरे तिसरी.

आधी सिंक्रो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे.

प्रत्येक गिअरपाशी पितळेची एक रिंग असते, आतून निमुळती. तोच सिंक्रो. तुम्ही गिअरची दांडी ढकलता तेव्हा ही रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर घासते आणि दोघांचा वेग सारखा करते. सारखा झाल्याशिवाय स्लीव्हला, म्हणजे दांडीने सरकणाऱ्या कड्याला, पुढे जाऊ देत नाही. दांडी अर्ध्यात क्षणभर अडते आणि मग आत पडते ना? तो क्षण म्हणजे रिंगचं काम चालू आहे.

आता विचार करा, त्या वेळी क्लच कुठे आहे? खाली दाबलेला. म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्सची फारकत झालेली. सिंक्रोला फिरवायचं आहे ते गिअर बॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि त्यावर बसलेली क्लच प्लेट. तुम्ही बाहेर इंजिन ६०० वर ठेवा नाहीतर ६००० वर, त्या शाफ्टला पत्ताही नसतो.

म्हणून तिसऱ्या मित्राला सांगा, क्लच दाबून मारलेल्या टिचकीचा सिंक्रोला काडीचा फायदा नाही. तोटाही नाही.

चौथागिअर

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पण मग टिचकी मारल्यावर गिअर हलका पडतो असं मला वाटतं, ते काय?

तेलकट_हात

मनाचे खेळ. नाहीतर तुम्ही टिचकी मारायला जेवढा वेळ घेता तेवढ्यात रिंगने आपलं काम उरकलेलं असतं. घाई न करता टाकलेला गिअर हलकाच जातो.

जुनाट

तेलकटराव, याचा पुरावा माझ्याकडे होता. होता म्हणतो कारण ती गाडी आता नाही.

तिचा दुसऱ्या गिअरचा सिंक्रो गेला होता. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घ्यायला गेलं की करर्र्. मला वाटलं, आपण टिचकी मारून घेऊ. क्लच दाबला, न्यूट्रल, रेस दिली, दांडी ढकलली. करर्र्. जास्त रेस दिली. पुन्हा करर्र्, फक्त आता आजूबाजूचे लोकही वळून बघायला लागले.

मग जुनी सवय आठवली. क्लच दाबला, न्यूट्रल केलं, क्लच सोडला, न्यूट्रलमध्येच रेस दिली, पुन्हा क्लच दाबला, दुसरा टाकला. दांडी अशी आत गेली की हाताला काही लागलंच नाही. फरक एवढाच की मधल्या वेळी क्लच सोडलेला असल्यामुळे इंजिनाने इनपुट शाफ्टलाही सोबत फिरवून आणलं. यालाच आम्ही डबल क्लच मारणं म्हणायचो. त्या गाडीवर पुढची दोन वर्षं मी दुसऱ्याला डबल क्लच मारूनच काढली. डावा पाय तयार झाला.

सिंक्रो नसलेल्या ट्रकवर शिकलेल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. तिथे डबल क्लच नाही मारला तर गिअर पडतच नसे. वर टाकताना रेस न देता काटा पडायची वाट बघायची, खाली घेताना रेस द्यायची. कानाने.

दोनचाकी

वा काका! हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून ठेवला.

अवांतर: बाइकच्या गिअर बॉक्समध्ये सिंक्रो नसतातच, तिथे कुत्र्याच्या दातांसारखे डॉग असतात, ते एकमेकांच्या खाचांत धपकन बसतात. तरी बाइकवर टिचकी मारतात ती गिअर पडावा म्हणून कमी आणि मागचं चाक अडकून घसरू नये म्हणून जास्त. महागड्या बाइकना त्यासाठीच स्लिपर क्लच असतो, मागून उलटा जोर आला की तो स्वतःच थोडा घसरू देतो.

हिशेबी

सिंक्रोचं झालं. क्लच प्लेटचं मी बघतो. आकडे टाकल्याशिवाय मला झोप लागत नाही, त्यामुळे सांभाळून घ्या.

गिअरची गुणोत्तरं धरू: दुसरा १.९५, तिसरा १.३६, चौथा १.०३. लहान गाडीत साधारण अशीच असतात. ताशी ३५ किलोमीटरला तिसऱ्यात काटा १८५० च्या आसपास. त्याच वेगाला दुसऱ्यात किती हवा? १८५० गुणिले १.९५ भागिले १.३६, म्हणजे २६५०. फरक ८००.

क्लच सोडल्यावर हा फरक कोणीतरी भरून काढायला हवा. टिचकी मारली तर पेट्रोल भरून काढतं. नाही मारली तर क्लच प्लेट घासत घासत इंजिनाला वर ओढते, आणि ओढायला लागणारी ताकद गाडीच्या वेगातून घेते. म्हणून माना हलतात.

यात किती उष्णता तयार होते? इंजिन आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) मिळून जडत्व ०.१५ किलोग्रॅम-चौरस मीटर धरलं. ८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ८४ रेडियन. निम्मं जडत्व गुणिले वेगातल्या फरकाचा वर्ग: साधारण ५३० ज्यूल.

आता तुलनेला, थांबलेली गाडी पहिल्यात उचलणं घ्या. १२०० किलोची गाडी, काटा १४५० च्या जवळ धरून हाफ क्लचवर सेकंदाला ३ मीटर वेगापर्यंत नेली, म्हणजे ताशी अकराच्या थोडं आत. क्लच पूर्ण धरेपर्यंत प्लेटमध्ये जिरणारी उष्णता ही त्या क्षणी गाडीत आलेल्या गतिज ऊर्जेइतकी असते: ५४०० ज्यूल.

म्हणजे एकदा गाडी उचलणं बरोबर दहा वेळा टिचकी न मारता गिअर खाली घेणं. क्लच दुप्पट टिकेल वगैरे विसरा. सिग्नलला चढावर हाफ क्लचवर गाडी तरंगत ठेवायची सवय असेल तर ती आधी सोडा.

जुनाट

हिशेबी, गणित सुरेख, पण एक पाय चुकलात. शब्दशः.

तुम्ही धरलंत की क्लच दाबल्यावर काटा १८५० वरच थांबून राहतो. कसा राहील? शिकाऊ माणूस क्लच दाबतो तेव्हा उजवा पाय पूर्ण उचलतो. मग दांडी शोधतो, न्यूट्रल, खाली, जरा थांबून. तोवर इंजिन आयडलला, म्हणजे पाय उचलल्यावरच्या किमान वेगाला, आलेलं असतं.

हिशेबी

अरे देवा. मान्य, मान्य.

आयडल ८०० धरलं तर फरक २६५० वजा ८००, म्हणजे १८५०. उष्णता वर्गाने वाढते. ५३० चे झाले जवळपास २८००. म्हणजे गाडी उचलण्याच्या निम्म्याहून जास्त, प्रत्येक वेळी. दहास एक हा माझा हिशेब दोनास एकवर आला.

यावरून एक मजेशीर गोष्ट निघते. टिचकी अचूक मारायची गरजच नाही. नुसता उजवा पाय पूर्ण न उचलता होता तिथे राहू दिला, काटा १८५० च्या खाली पडू दिला नाही, तरी २८०० चे ५३० होतात. जरासा दाब वाढवून काटा २४०० पर्यंत गेला, तर उरला फरक २५०, आणि उष्णता ५० ज्यूलच्या आसपास. अगदी २६५० च साधायला हवेत असं नाही. वर्गामुळे पहिला सुधार सगळ्यात जास्त देतो, शेवटची अचूकता जवळजवळ काहीच देत नाही.

चौथागिअर

थांबा, म्हणजे मी टिचकी मारतोय ती पद्धतच चुकीची? मी आधी पाय पूर्ण उचलतो, काटा खाली पडतो, मग फाडकन मारतो. कधी काटा ३५०० ला जातो, कधी १५०० ला.

तेलकट_हात

चुकीची नाही, अवघड आहे. हलत्या निशाण्यावर नेम धरताय. त्यातून हल्लीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबल नसते, पेडल फक्त कंप्युटरला निरोप देतं. टिचकी फार छोटी मारली तर तो निरोप पोचून थ्रॉटल उघडेपर्यंत तुमचा पाय वर आलेला असतो. काटा जागचा हलत नाही, म्हणून पुढच्या वेळी तुम्ही जोरात मारता आणि तो ३५०० ला जातो.

असं करा. क्लच दाबताना उजवा पाय किंचित दाबा आणि तसाच धरून ठेवा. दांडी खाली येईपर्यंत काटा आपोआप वर सरकलेला असेल. मग क्लच सोडा, धाडकन नाही, पण हाफ क्लचवर रेंगाळतही नाही. टिचकी नको, धरलेला दाब. सुरुवात चौथ्यावरून तिसऱ्यावर करा, कारण तिथे फरक कमी आहे. हिशेबी, ५० च्या वेगाला किती येतो?

हिशेबी

चौथ्यात २०००, तिसऱ्यात २६४०. फरक ६४०.

तेलकट_हात

घ्या. पावणेतीन हजार नको, तीन हजार नको, अडीचच्या पुढे गेला की पुरे.

आणि काट्याकडे बघत बसू नका, रस्त्याकडे बघा. दोन-चार दिवसांत कान सांगतो. क्लच सोडल्यावर इंजिनाचा सूर वर चढला तर रेस कमी पडली, गाडी मागे ओढेल. सूर खाली उतरला तर जास्त झाली, गाडी पुढे ढकलल्यासारखी होईल. सूर हलला नाही तर जमलं.

खिडकीजवळची

मी गाडी चालवत नाही. पण आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून आहे, त्यामुळे या विषयावर मत मांडायचा अधिकार मला चालवणाऱ्यांपेक्षा जास्त आहे असं मी समजते. 😄

गाडी लागते ती वेगाने नाही, झटक्यांनी. आमच्याकडे दोन जण चालवतात. एकाच्या हाती गाडी असली की मी वाचू शकते. दुसऱ्याच्या हाती असली की वरचा हँडल सोडवत नाही. वेग दोघांचा सारखाच. आज पहिल्यांदा कळलं की फरक उजव्या पायात असतो.

स्लो_लेन

ताईंना अनुमोदन. मीही जरा माघार घेतो. पण पेट्रोल? प्रत्येक गिअरला रेस म्हणजे वाया जाणारं पेट्रोल आलंच की.

हिशेबी

इंजिनाला १८५० वरून २६५० ला न्यायला काही हजार ज्यूल पुरतात. एक ग्रॅम पेट्रोलमध्ये साधारण ४४,००० ज्यूल असतात. इंजिनाने त्यातला मोठा भाग वाया घालवला तरी हिशेब ग्रॅमच्या अंशातच राहतो. उलट गिअरमध्ये राहून, पाय सोडून उताराला गाडी सोडली तर फ्युएल इंजेक्शनवाली इंजिनं पेट्रोल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये सोडली तर आयडलला तरी पेट्रोल लागतंच. टिचकीत गेलेलं तिथे परत मिळतं.

प्रश्नचिन्ह

मधेच घुसतो, माफी. हे सगळं गाडीच करते असं ऐकलंय. आयएमटी म्हणतात तेच ना?

तेलकट_हात

इथे नावांचा घोळ आहे. टोयोटाची आयएमटी म्हणजे तीन पेडलवाली नेहमीची मॅन्युअल, फक्त गिअर बदलताना इंजिनाचा वेग कंप्युटर जुळवून देतो. ह्युंदाई आणि किया ज्याला आयएमटी म्हणतात त्यात क्लचचं पेडलच नसतं, दांडी तुम्ही हलवता आणि क्लच गाडी दाबते. नाव एक, गोष्टी दोन.

कंप्युटरने टिचकी मारायची सोय मॅन्युअल गाडीत पहिल्यांदा निसानच्या ३७०झेडमध्ये आली, २००९ चं मॉडेल. दांडी कुठल्या गिअरकडे चालली आहे ते सेन्सरने ओळखून ती काटा आधीच तिथे नेऊन ठेवते. २०१७ च्या होंडा सिव्हिक टाइप आरमध्येही आहे. आणि बंद करायचं बटणही असतं, कारण काही जणांना ते स्वतः करण्यातच मजा वाटते.

जुनाट

सिंक्रो आले तेव्हाही असंच झालं असणार. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. तोपर्यंत डबल क्लच येणं हीच ड्रायव्हरची ओळख होती. पितळेच्या रिंगने ती घालवली. आता टिचकीवाल्यांची पाळी.

दोनचाकी

काका, हलकं घ्या. पण डबल क्लच रोजच मारला तर सिंक्रो जास्त टिकतील ना? मग धागाकर्त्याने तेच का करू नये?

तेलकट_हात

टिकतील, यात शंका नाही. पण नीट वापरलेला सिंक्रो तसाही गाडीच्या आयुष्याइतका टिकतो. डबल क्लच म्हणजे क्लचचं पेडल दुप्पट वेळा दाबणं, रिलीज बेअरिंगचं (पेडल दाबल्यावर क्लच मोकळा करणाऱ्या भागाचं) काम दुप्पट. आणि गिअर बदलायला वेळ जास्त. शहरातल्या गर्दीत दर वीस सेकंदांनी कोण करणार?

दोन ठिकाणी मात्र मी स्वतः करतो. एक, गाडी अजून सरकत असताना पहिला टाकायचा असेल तेव्हा. फरक सगळ्यात मोठा तिथे असतो आणि दांडी अडते. दुसरं, जुन्या गाडीचा एखादा गिअर काकांच्या गाडीसारखा खरखरायला लागला असेल तेव्हा, गिअर बॉक्स खोलेपर्यंत.

सिंक्रो खातात ते दोन प्रकारचे लोक. क्लच अर्धवट दाबून गिअर ओढणारे, आणि दांडी अडली की ताकदीने ढकलणारे. तिथे सबुरी हवी.

स्लो_लेन

एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो, आणि हे माझ्यावर बेतलेलं आहे. ब्रेक दाबलेला असतानाच त्याच उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटर मारायची ती पद्धत, हील अँड टो, तिच्या नादाला मीही एकदा लागलो होतो. बूट जाड तळाचे. पुढच्या गाडीने ब्रेक मारला, मी मारला, सोबत टिचकी मारायला गेलो आणि पाय ब्रेकवरून घसरून दोन्ही पेडलच्या मध्ये. पुढच्या गाडीचा बंपर आणि माझी नंबर प्लेट यांच्यात वीतभर अंतर उरलं. मी तो प्रकार त्या दिवशीच सोडला. टिचकीबद्दलचा माझा सगळा राग तिथून आलाय, खरं सांगायचं तर.

तेलकट_हात

बरं झालं लिहिलंत. ती ट्रॅकवरची गरज आहे. तिथे वळणाच्या तोंडाशी एकाच वेळी जोरात ब्रेक आणि दोन गिअर खाली, असं करावं लागतं. रस्त्यावर आधी ब्रेक, वेग उतरला की ब्रेकवरचा पाय काढून, मग गिअर, असं सुटं सुटं करायला भरपूर वेळ असतो. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक दाबलेला असताना कंप्युटर ॲक्सिलरेटरचं ऐकतच नाही. तिथे पाय वाकडा करून काही मिळत नाही.

आणि आता तिसरा भाग, टायरचा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि मीच विसरलो होतो. ओल्या रस्त्यावर, वळणात, खालचा गिअर टाकून क्लच धाडकन सोडला की चालणाऱ्या चाकांवर अचानक ब्रेक लागल्यासारखं होतं, फक्त हा ब्रेक एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) हाताबाहेरचा. मागची चाकं चालवणारी गाडी असेल तर शेपूट बाहेर येते. पुढची चाकं चालवणारी असेल तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते. वेग जुळवून क्लच सोडला तर हे होत नाही. क्लच प्लेट वाचली नाही तरी चालेल, पण पावसातल्या वळणावर एवढी शिस्त असावी.

झटका इंजिन माउंटिंगच्या रबराला, ॲक्सलच्या जॉइंटना आणि डिझेल गाड्यांत सहसा असणाऱ्या डबल फ्लायव्हीलच्या आतल्या स्प्रिंगांनाही बसतो. डिझेलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, तिथे काटा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. टिचकी आधी मारावी लागते, आणि छोटी.

प्रश्नचिन्ह

शेवटचा प्रश्न. वेग जुळवता आला की चुकून खालचा गिअर पडला तरी इंजिन वाचतं, बरोबर?

हिशेबी

नाही! हे ठळक अक्षरात लिहायला हवं.

ताशी १०० ला पाचव्यातून चौथा घ्यायला गेलात आणि दांडी दुसऱ्यात गेली. वरची गुणोत्तरं वापरून, ताशी ३५ ला २६५०, तर १०० ला साडेसात हजारांच्या वर. लाल पट्टी साडेसहाला सुरू होणारं इंजिन. रेव्ह लिमिटर फक्त पेट्रोल तोडतो. इथे इंजिनाला पेट्रोल फिरवत नाहीये, चाकं फिरवतायत. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि पिस्टन येऊन त्यावर आदळतो.

दांडी नेहमीपेक्षा जास्त अडली, तर तो सिंक्रो ओरडून सांगत असतो की हा गिअर नको. तेव्हा ढकलू नका.

चौथागिअर

तीन आठवड्यांनी परत आलोय.

तेलकटरावांनी सांगितलेला "धरलेला दाब" चौथ्यावरून तिसऱ्यावर दुसऱ्याच दिवशी बसला. सूर ऐकायची युक्ती फारच भारी आहे, आता काट्याकडे बघत नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर अजून चारातून एकदा माना हलतात, पण बायकोने परवा मागच्या सीटवर डुलकी काढली. सिग्नलला थांबताना स्लो_लेन यांचं ऐकतो, गिअर उतरत बसत नाही. चढावर हाफ क्लचवर तरंगणं बंद, हँडब्रेक.

एक नवी शंका. काकांच्या गोष्टीमुळे मनात किडा शिरला. सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं माझा दुसरा गिअर जड जातो. खरखर नाही, फक्त अडतो. क्लच दाबून रेस दिली, फरक शून्य. काकांच्या पद्धतीने डबल क्लच मारला, सरळ आत. नंतर गाडी तापली की काहीच नाही, साधा टाकला तरी जातो. माझाही सिंक्रो चाललाय का?

तेलकट_हात

नाही. गेलेला सिंक्रो तापल्यावर बरा होत नाही. थंड असताना गिअर बॉक्सचं तेल घट्ट असतं, ते रिंगला धड घासू देत नाही आणि शाफ्टलाही मागे ओढतं. पहिली काही मिनिटं सावकाश टाका, नाहीतर डबल क्लच मारा, सराव होईल. तेल शेवटचं कधी बदललंय?

चौथागिअर

गिअर बॉक्सचं? ते बदलायचं असतं?

तेलकट_हात

गाडीची पुस्तिका काढा. कुठल्या ग्रेडचं आणि किती किलोमीटरला ते त्यात दिलेलं असतं. दुसऱ्याच ग्रेडचं घालू देऊ नका, थंडीतला दुसरा गिअर त्यानेही अडतो.

चौथागिअर

पुस्तिका मिळाली, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. बघतो.